मधली पिवळी वायर

—नाही हो, गाडीच्या डाव्या बाजूचं ते झाकण आत्ता नका काढू, आधी केक खा. रुबार्बच्या आंबट देठांचा आहे, परसातल्या, कोमट आहे तोवर खाल्ला तर खरा, गार झाला की आंबटढाण लागतो. नको? घ्या हो थोडा. नको? अहो, घ्या म्हणते ना! — हां, घेतलात बघा. आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कोणी घेत नाही, तुमच्या दुलुथला काही वेगळं नसणार, आणि तुम्ही तर काउप्पी, म्हणजे फिनिश, तुम्हाला खरं तर पाचदा विचारायला हवं होतं. त्या स्टुलावर नका बसू, एक पाय लुळा आहे त्याचा, माझा नवरा दुरुस्त करणार आहे, गेली कित्येक वर्षं करणारच आहे. इकडे खोक्यावर बसा. वेंडल इतक्यात येत नाही. क्लोकेला गेलाय, स्टार्टरचा नवा रिले आणायला — बटण दाबलं की रिले नुसता टक् करतो आणि इंजिन ढिम्म, म्हणून त्याची खात्रीच झालीय की रिले गेला. माझ्या नवऱ्याची कसलीही खात्री फार लवकर होते.

क्लबवाल्यांनी पाठवलंय तुम्हाला, ठाऊक आहे मला. शनिवारी निघायचंय ना सगळ्यांना — लेक सुपिरिअर सरोवराची अख्खी प्रदक्षिणा, वरच्या अंगानं कॅनडातून, आठ-नऊ दिवस, पन्नास पन्नास वर्षांच्या मोटरसायकली आणि त्यांच्यावर सत्तरीचे म्हातारे, कोण कोणाला ढकलत आणणार देव जाणे. आणि यंदा सगळ्यांच्या पुढे वेंडल. मान असतो तो, मला कळत नाही असं नाही. पण काय आहे, सहा उन्हाळे हा माणूस तयारी करतो, तंबू अंगणात वाळत घालतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना नकाशा दाखवतो, आणि सहाही उन्हाळे ऐन निघायच्या आठवड्यात गाडीचं चार्जिंग बंद. हेडलाइट लावून गेलं की तासाभरात बॅटरी झोपते. तेव्हा क्लबनं ठरवलं, आता हे वेंडल टोलेफसनच्या हातात ठेवण्यात अर्थ नाही, विजेचं काम कळणारा माणूस पाठवा. चांगली माणसं आहेत हो, उगाच दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये नाक खुपसतात एवढंच.

काय काय बदललं म्हणता? काय बदललं नाही ते विचारा! बॅटरी बदलली, मग आणखी एकदा बदलली. रेक्टिफायर बदलला, रेग्युलेटर बदलला, मग वाटलं जुनाच बरा होता, तो परत बसवला. वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरची गुंडाळी ओहायोहून मागवली, ती टपालात आठवडाभर कुठे फिरून आली कोण जाणे. तिच्यातून तीन पिवळ्या वायरी निघतात, त्यांच्यात दोन दोन करून मीटर लावून बघितलं — तिन्ही जोड्या सारख्या. पिवळीपासून इंजिनाच्या लोखंडाला लावून बघितलं — कुठे गळती नाही. रेक्टिफायर एकीकडून वाट देतो, उलटीकडून देत नाही, म्हणजे तोही शहाणा. म्हणजे सुटं सुटं तपासलं तर सगळे गुणी, आणि एकत्र आले की घरात अंधार, आमच्या चर्चच्या कमिटीसारखं. इंजिन पाच हजार फेऱ्यांवर नेलं तर बॅटरीवर चौदा व्होल्टच्या वर यायला हवेत, येतात साडेबारा. अगदीच बंद नाही हो, भरते थोडी, पण हेडलाइट खातो त्याहून कमी. हीच तर मजा आहे. पूर्ण बंद पडलेली गोष्ट कोणालाही सापडते, अर्धवट चालणारी सापडत नाही, आणि तीही चार दिवस नीट चालून पाचव्या दिवशी बिघडली तर मग मोठमोठे हात टेकतात.

मला कसं कळतं एवढं? अहो, सहा उन्हाळे मीटर मीच धरलाय की! वेंडलला जवळचं दिसत नाही, चष्मा लावायचा नाही, मग आकडे कोण वाचणार? मी. पहिल्या वर्षी मला व्होल्ट आणि ओहम यातलं काही कळत नव्हतं, तो ओरडायचा, 'आर्लिस, काटा कुठे आहे?' आणि मी म्हणायची, 'मीटरमध्ये.' आता मी त्याला सांगते की बाबा, इथे मोजू नकोस, बटण दाबून धर आणि मग मोज, नुसती वायर तपासून काही कळत नसतं, तिच्यातून करंट जायला लागला की मग तिचे रंग दिसतात. हसताय काय? खरं आहे ते. माझं विणकाम तिथे त्या कपाटावर असतं, कॉफीचा थर्मास तिथे, रेडिओवर बेसबॉल, तो इकडे जमिनीवर चटई टाकून पडलेला, आणि मला हाक मारतोय — पाना दे, टॉर्च दे, हे बघ, ते बघ. आमच्या लग्नाला तेव्हा चाळीसच्या वर वर्षं झाली होती आणि या माणसानं आपणहून मला एवढ्या हाका कधी मारल्या नव्हत्या.

तर तुम्ही केक संपवा, मग ते झाकण काढा, हवं तर तो तीन पिवळ्यांचा प्लग बघा, पण मधली पिन जरा जपून हं, तिची ती जिभली —

काय? नाही, मधलीच असं नाही. कुठलीही. मी आपलं सहज म्हटलं. तीन आहेत म्हटल्यावर एक मधली असणारच ना. असं काय बघताय माझ्याकडे? कॉफी घाला आणखी? — काउप्पी, तुम्ही फार कमी बोलता. अशा माणसासमोर मला बोलल्याशिवाय राहवत नाही, लहानपणापासूनची खोड आहे, आमचे पाद्री नुसते गप्प बसायचे आणि मी न केलेली पापंसुद्धा सांगून मोकळी व्हायची. ही केलेली आहेत, एवढाच काय तो फरक.

बरं, ऐका. आता झाकण पडलंच आहे उघडं तर ऐका. पिनेला मागे एक बारीक जिभली असते, ती प्लगमध्ये अडकते म्हणून पिन जागेवर राहते. ती विणायच्या सुईनं आत दाबायची. मग प्लग जोडला की ती पिन हळूच मागे सरकते. बाहेरून बघा, तिन्ही वायरी छान आत गेलेल्या, ओढून बघितली तरी रबरात घट्ट. मोजायला प्लग काढला की दोन्हीकडे सगळं ठीक. जोडला की तीनातली एक उपाशी. आणि पुन्हा चालू करायची तर जिभली सुईनं वर काढायची, बस्स, तेवढा वेळ मोजे उसवायलाही पुरत नाही. नवीन भाग बसवला की मी चार दिवस चालू ठेवायची. का म्हणजे काय, बिचाऱ्यानं मेहनत केलेली असायची! आनंद व्हायचा हो त्याला, अंगणात गाडी उभी करून मला मीटर दाखवायचा, चौदा पॉइंट दोन, चौदा पॉइंट दोन, म्हणून. मग निघायचा आठवडा आला की मी पुन्हा सुई घ्यायची.

तसं बघू नका. आधी ऐका. हा माणूस आयुष्यभर लांबचे ट्रक चालवत होता. सिॲटल, डॅलस, कुठे कुठे. दोन मुलं माझ्या एकटीच्या अंगावर वाढली, धाकटीच्या वेळी तो नेब्रास्कात बर्फात अडकलेला, थोरल्याच्या पदवीदानाला पोचला तेव्हा लोक खुर्च्या आवरत होते. उणे तीस अंशांत घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली की मी, तळघरात पाणी भरलं की मी. बोलले नाही कधी. आमच्याकडे बोलत नाहीत. कसं काय चाललंय म्हटलं की 'बरंय की' म्हणायचं, डोक्यावर छप्पर कोसळलेलं असलं तरी 'बरंय की'. मी आपली मनाशी म्हणत राहिले, होईल निवृत्त, येईल घरी, मग बसू. आणि झाला निवृत्त, केक कापला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच सोमवारी हा जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून म्हणतो, 'आर्लिस, लेक सुपिरिअरला वळसा घालून यावं म्हणतो, नऊ दिवस.' मी काय म्हटलं? मी म्हटलं, 'छान होईल.' आणि रात्रीची भांडी घासून इथे आले.

'जाऊ नकोस' असं सरळ का नाही सांगितलं म्हणता? अहो, तुम्ही लग्न झालेले दिसत नाही. सरळ सांगितलं असतं तर तो थांबला असता! थांबला असता आणि खिडकीशी बसून रस्त्याकडे बघत राहिला असता, आणि मी दर उन्हाळ्यात ते बघत राहिले असते. गाडीनं नाही म्हटलं तर राग गाडीवर. मी वाईट नाही, तो वाईट नाही, बिचारी मधली पिवळी वायर तेवढी वाईट. सहा उन्हाळे माझा नवरा स्वयंपाकघरापासून हाकेच्या अंतरावर होता, आनंदात होता, शिव्या देत होता, आणि मला विचाराल तर ते दिवस आमच्या संसारातले सगळ्यात चांगले. फसवणूक म्हणा. म्हणा खुशाल. मला त्याचं वाईट वाटत नाही, आणि वाटत नाही याचंही वाटत नाही.

म्हणून आता तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की त्याला सांगा, काही कळत नाही. जुनी वायरिंग आहे, आतून कुजली असेल, अख्खी बदलायला हवी, या उन्हाळ्यात शक्य नाही. खोटं कुठे आहे त्यात? पन्नास वर्षांत काहीतरी कुजलंच असेल. आणि त्याच्या दृष्टीनंही बरंच आहे हो, तो काही पूर्वीचा राहिला नाही. गेल्या पानगळीत टू हार्बर्सच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवताना आडवी झाली, पाच-सहा मणांचं धूड ते, उचलता उचलेना. दोन पोरींनी उचलून दिली म्हणे, पेट्रोल भरायला आलेल्या. मला घरी येऊन सांगतो, ब्रेकचा दांडा गॅरेजच्या दाराला लागून वाकला. मी म्हटलं, 'अस्सं होय.' मला चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी कळलंच होतं, टू हार्बर्सची मेव्हिस तिथे पंपावर बसते. मी कळू दिलं नाही. पण बघा, मी म्हणते ते त्याच्या भल्याचंच आहे की नाही?

काय उघडताय तिकडे? स्टार्टरचं झाकण? उघडा, उघडा, तिकडे माझं काही नाही. देवाशपथ, स्टार्टरला मी हात लावलेला नाही. ते दुखणं यंदाचं, बर्फ वितळल्यावर सुरू झालं. आणि ते मात्र मला खरंच कळलेलं नाही, लाज वाटते सांगायला. रिले टक् करतो म्हणजे बटण ठीक, बटणाची बारीक वायर ठीक. बॅटरी दिव्यांना पुरते. मग जाड वायरीतून करंट जायला काय झालं? मी त्याला म्हटलं, बटण दाबून धर, मी बॅटरीपासून थेट मोटरच्या स्क्रूपर्यंत मोजते, कुठे अडतंय ते दोन मिनिटांत कळेल. तर म्हणे नको, रिलेच गेलाय. मोजूच देईना. नाहीतर मला मीटर हातात कोंबणारा माणूस. किक आहे तिला, पण ट्रकचा क्लच दाबून दाबून वेंडलचा गुडघा गेलाय, किक आता शोभेची.

मोजलंत तुम्ही? बॅटरीवर बारा, वायरीच्या टोकाला बारा... आणि मोटरच्या स्क्रूवर काहीच नाही? अहो, ती वायर त्या स्क्रूवरच तर कसलेली आहे, बोटभर अंतर नाही! मध्ये काय आहे मग? काढा तो नट. थांबा, टॉर्च धरते. — हे काय आहे? वॉशर? प्लास्टिकचा वॉशर? वर एक, खाली एक, आणि स्क्रूच्या आट्यांवर नळीचा तुकडा. म्हणजे वायर बसलेली दिसते, आणि लोखंडाला लोखंड कुठे लागतच नाही. अगंबाई. हे कुजणं नव्हे, हे कोणीतरी बसून केलंय. नीट, सावकाश —

द्या इकडे. बघू.

हे आमच्या आईस्क्रीमच्या डब्याचं झाकण आहे. पांढरं, काठाला निळी रेघ, बघा, हा निळा. तळघरात असले डबे ढिगानं आहेत, कोणाच्या घरी नाहीत? पण ह्याच्या कडा बघा. बोट फिरवा. पॉलिश पेपरनं घासल्यात. जे कोणालाही दिसणार नाही, त्याच्या कडा कोण घासतं? एकच माणूस घासतो. माझ्या बिस्किटांच्या साच्याच्या कडा घासून दिल्या होत्या त्यानं, पोरांच्या झोपाळ्याच्या फळीला आतून, खालून, घासलं होतं.

वेंडल.

थांबा हो, हा टॉर्च खाली ठेवते जरा.

म्हणजे त्याला जायचंच नाहीये. मान मिळाला, सगळ्यांच्या पुढे चालवायची म्हटलं, आणि हा माणूस तळघरात बसून झाकणाची चकती कापतोय. क्लोकेपर्यंत रिले आणायला गेलाय, रिले चांगला आहे हे त्याला माहीत असताना! काखेत कळसा म्हणतात तो आपणच मारून ठेवला, आणि गावाला वळसा घालायला निघाला, वर मला विचारतो, 'तुला क्लोकेहून काही हवंय का?' आणि मी म्हणते, 'साखर आण.' शाब्बास! काय घर आहे!

मला हसू यायला हवं ना? फिटंफाट झाली, त्यानंही तेच केलं, मीही तेच. तुम्ही हसताय, हसा. मला नाही येत हसू. मी सहा उन्हाळे एका जाणाऱ्या माणसाला अडवत होते हो. रस्ता बघितला की ज्याच्या पायांत वारं शिरायचं असा माणूस, त्याला मी सुईनं अडवलं, आणि मला त्याची मिजास होती, की बघा, एवढा मोठा माणूस, आणि माझ्या हातात राहिला. आणि हा कोण? हा घाबरलाय. दोन पोरींनी गाडी उचलून दिली तेव्हापासून घाबरलाय आणि सांगायला तोंड नाही. पहिल्या उन्हाळ्यात गेला असता तर? पासष्टचा होता, धडधाकट, गेला असता आणि नऊ दिवसांनी उन्हानं भाजून परत आला असता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेला असता, आणि आज त्याला असं चोरून झाकणं कापावी लागली नसती. गाडी चालवायची सवय मोडली की हिंमत मोडते, हे मला कळू नये? मी त्याला घरी ठेवला नाही, मी त्याला म्हातारा केला.

नाही, नको, रुमाल आहे माझ्याकडे.

जोडा. दोन्ही जोडा. ती चकती काढा, वर खाली दोन्ही, ती नळी काढा, नट कसून कसा. माझी पिन मी लावते, सरका. ही बघा जिभली — वर आली. ही बसली. ओढा, नाही येत ना? झालं. आता म्हणू दे त्याला काय म्हणायचंय ते, शनिवारी मी स्वतः त्याला फाटकाबाहेर काढते की नाही बघा. जायचं. पुढे व्हायचं. पडलास तर पड, बाकीचे म्हातारे आहेत उचलायला. टाका चावी. न्यूट्रलला आहे? हिरवा दिवा लागला? चला, ठेवा बटणावर अंगठा —

थांबा. ट्रक आला.

थांबा हो, दाबू नका. तोच आहे, खडीवरून आवाज येतोय. ह्या खिडकीतून बघते. हो, तोच. उभा केला, इंजिन बंद केलं. उतरेल आता.

उतरत नाहीये.

काय करतोय? स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता बसलाय. काच खाली केलीय. इकडे वळून बघतही नाही, पण कान इकडे आहेत, मला माहीत आहे त्याची मान. काउप्पी, तो ऐकतोय. गाडी सुरू होते की नाही ते ऐकतोय. रिलेचा खोका मांडीवर आहे आणि बसलाय, दवाखान्यात बसतात तसा.

अंगठा काढा. काढा म्हणते ना बटणावरून! चावी द्या इकडे. नाही, मी आत्ताच काय म्हटलं ते मला ठाऊक आहे, मला नका सांगू. त्याचं तोंड तुम्हाला दिसत नाही, मला दिसतंय.

— वेंडल! अरे ए वेंडल! ये आत! नाही झाली रे सुरू! ह्यांनाही काही कळत नाही म्हणतात! अख्खी वायरिंग कुजलीय म्हणे!

बघा. उतरला. कसा टुणकन उतरला बघा, गुडघा नाही न् काही नाही. शीळ घालतोय. साखर विसरला वाटतं. नाही, आहे हातात.

तुम्ही निघा आता. हो, ते वॉशर राहू द्या माझ्याकडे, मी तळघरात ठेवीन, त्याला सापडतील अशा जागी नाही, नुसते ठेवीन, आणि चावीही त्यांच्याच शेजारी, म्हणजे बटण दाबून बघायलाच नको. क्लबला सांगा, यंदा टोलेफसनला जमत नाही, दुसऱ्या कोणाला पुढे घाला. तुमचं नाव खराब होईल? होऊ दे हो, तरुण आहात, निघेल भरून. हा केक घ्या बांधून — एकदाच विचारतेय, घ्या आणि जा. बाजूच्या दारानं जा, समोरून नको, तो तुमचे आभार मानायला लागेल आणि ते मला ऐकवणार नाही.